पृथ्वीप्रदक्षिणेहून लांब पदयात्रा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायी पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे वेड युरोप-अमेरिकेत पसरले. कुणी पैजेसाठी निघाले, कुणी बक्षिसासाठी, तर कुणी वर्तमानपत्रांत नाव झळकावे म्हणून. वाटेत स्वतःची छायाचित्रे विकावीत, व्याख्याने द्यावीत, गावोगावच्या अधिकाऱ्यांचे शिक्के वहीत घ्यावेत आणि पुढचा रस्ता धरावा, असा त्यांचा क्रम असे. रुमानियाचा दुमित्रू डान १९१० मध्ये तीन मित्रांसह निघाला. ते तिघेही वाटेत मरण पावले आणि डानने एकट्याने यात्रा पुरी केली, असे त्याच्या देशात सांगितले जाते. या मंडळींचे दावे पडताळून पाहणे कठीण होते. पुराव्यांनिशी नोंदली गेलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा अमेरिकेच्या डेव्ह कुन्स्टची मानली जाते. १९७० ते १९७४ या काळात तो सुमारे साडेचौदा हजार मैल, म्हणजे तेवीस हजार किलोमीटरच्या आसपास चालला. त्याच्याबरोबर निघालेला त्याचा भाऊ अफगाणिस्तानात दरोडेखोरांच्या गोळ्यांना बळी पडला.

कुन्स्टने घराबाहेर पाऊल टाकण्याच्या सहा वर्षे आधी एका कृश, पोटाच्या व्याधीने जर्जर झालेल्या मराठी माणसाने आपली यात्रा संपवली होती. तिची लांबी सामान्यपणे साडेछत्तीस हजार मैल, म्हणजे अठ्ठावन्न हजार किलोमीटरहून अधिक धरली जाते. विषुववृत्तावर पृथ्वीचा परीघ सुमारे चाळीस हजार किलोमीटर भरतो. मात्र त्यांनी पृथ्वीला फेरी घातली नाही. पूर्व पाकिस्तानातील सोळा दिवस सोडले तर त्यांनी देशाची सीमाही ओलांडली नाही. एका देशाच्या खेड्यापाड्यांत फिरून ते एकच मागणे मागत होते. मागणे जमिनीचे होते आणि मागणाऱ्याचे नाव होते विनोबा भावे.

पायी चालण्याचे महाराष्ट्राला अप्रूप नाही. आळंदी-देहूहून पंढरीला जाणारी वारी शतकानुशतके चालत आली आहे. नामदेवांची पावले थेट पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचली होती. विनोबांच्या चालण्याला ही पार्श्वभूमी होतीच, शिवाय त्यांची स्वतःची प्रकृतीही भटकी होती.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. आजोबा शंभुराव धर्मनिष्ठ होते, आई रुक्मिणीबाई भक्तिमार्गी, तर वडील नरहरपंत विज्ञानाची आवड असलेले आणि शिस्तीचे होते. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेले. तेथे विनायकाचे शिक्षण शाळेपेक्षा ग्रंथालयात आणि रस्त्यांवर अधिक झाले. मित्रांना घेऊन तो तासन् तास चालत असे आणि चालता चालता गणित, वेदान्त व राजकारण या विषयांवर चर्चा करीत असे.

मार्च १९१६ मध्ये इंटरची परीक्षा देण्यासाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, पण वाटेत सुरतेला उतरला आणि त्याने काशीचा रस्ता धरला. मनात हिमालयाची ओढ होती आणि बंगालच्या क्रांतिकारकांचेही आकर्षण होते. काशी हिंदू विश्वविद्यालयातील समारंभात गांधीजींनी केलेल्या भाषणाचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. हिमालय आणि क्रांती या दोन्ही ओढींचे समाधान गांधीजींपाशी झाले, असे पुढे विनोबा मानीत.

पुढच्याच वर्षी प्रकृतीसाठी व अध्ययनासाठी त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे अभ्यासली. त्याच वर्षात सुमारे चारशे मैल पायी हिंडून त्यांनी महाराष्ट्रातील गावे पाहिली, किल्ले पाहिले आणि ठिकठिकाणी गीतेवर प्रवचने केली. वर्ष संपले त्याच दिवशी ते आश्रमात परतले. पुढच्या भूदानयात्रेची बीजे या रजेत शोधता येतात. मुक्काम खेड्यात, अन्न मिळेल ते, संध्याकाळी लोकांशी बोलणे आणि पहाटे पुन्हा वाटेला लागणे, हा क्रम त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षीच अनुभवला होता.

१९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळण्यासाठी आले आणि नंतरची तीस वर्षे त्यांनी जवळजवळ एकांतात काढली. अधूनमधून तुरुंगवास घडला. ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये लिहून झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. १९३८ मध्ये प्रकृती अगदी खालावली तेव्हा ते धाम नदीकाठी पवनारला राहायला गेले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा देशातील बहुतेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

गांधीजींच्या हत्येनंतर पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. पैशावाचून, स्वतःच्या श्रमाच्या अन्नावर आश्रम चालवायचा, असा तो संकल्प होता. १९५१ च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरणार होते. विनोबांनी यावे असा शंकरराव देवांचा आग्रह होता. पैशाला स्पर्श करायचा नाही तर रेल्वेचे तिकीट कसे काढायचे? विनोबा ८ मार्च रोजी पवनारहून पायीच निघाले. सुमारे तीनशे मैलांची ही वाटचाल म्हणजे एका ऐतिहासिक यात्रेचा आरंभ आहे, याची कल्पना त्यांनाही नव्हती.

परतीची वाट त्यांनी मुद्दाम तेलंगणातून घेतली. तेथे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सशस्त्र लढा पेटला होता. रात्री बंडखोरांची भीती आणि दिवसा पोलिसांची, अशा कात्रीत खेडी सापडली होती. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे दलित वस्तीतील चाळीस कुटुंबांनी विनोबांपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. ऐंशी एकर जमीन मिळाली तर आमचे पोट भरेल, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारकडे अर्ज करण्यास सांगता सांगता विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने शंभर एकर देऊ केले. न मागता गरजेपेक्षा अधिक मिळाले होते. त्या रात्री विनोबांना फारशी झोप लागली नाही. हा दैवी संकेत मानावा की एकट्या माणसाचा चांगुलपणा? दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात त्यांनी मागून पाहिले आणि तेथेही जमीन मिळाली. एक्कावन्न दिवसांत बारा हजार एकरांहून अधिक जमीन जमा झाली.

जमिनीसाठी झालेला संघर्ष महाराष्ट्राने त्याआधीही पाहिला होता. नगर जिल्ह्यातील पारनेरला १८८० मध्ये जन्मलेले पांडुरंग महादेव बापट १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनी वाचवण्यासाठी झालेल्या त्या सत्याग्रहाने त्यांना ‘सेनापती’ केले. पारनेरच्या या सेनापतीने जमीन घेणाऱ्याची वाट अडवली, तर विनोबा जमीन असणाऱ्याच्या दारात याचक म्हणून उभे राहिले. मार्ग भिन्न असले तरी कसणाऱ्याच्या हातातील जमिनीवर त्याच्या कुटुंबाचे जगणे अवलंबून असते, हे दोघांनीही ओळखले होते. पावलांवरचा विश्वासही दोघांचा सारखा होता. विनोबा ओरिसात हिंडत होते त्या १९५५ साली पंचाहत्तरीकडे झुकलेले बापट गोव्याच्या सीमेत सत्याग्रहींची तुकडी घेऊन चालत शिरले.

तेलंगणातील वृत्तान्त दिल्लीला पोहोचला. नियोजन मंडळाशी चर्चेसाठी पंडित नेहरूंनी विनोबांना बोलावले. विनोबा १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनारहून पायी निघाले आणि दोन महिन्यांनी, १३ नोव्हेंबरला दिल्लीत पोहोचले. वाटेत भूदान चालूच होते. दिल्लीहून ते उत्तर प्रदेशात शिरले, तेथून बिहारमध्ये गेले आणि मग थांबणे उरले नाही.

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे तीनच्या सुमारास उठायचे, प्रार्थना करायची आणि कंदिलाच्या उजेडात वाटेला लागायचे. चाल झपाट्याची असे आणि तरुण सहकाऱ्यांची दमछाक होई. रोजची मजल दहा-बारा मैलांची. सकाळी पुढच्या गावात पोहोचले की वेशीवर स्वागत, मग भेटीगाठी, जमीनदारांशी व भूमिहीनांशी बोलणे, अध्ययन आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व प्रवचन. पोटातील व्रणामुळे दही, दूध, मध यांवर थोड्या थोड्या अंतराने निभावायचे. चालता चालता सहकाऱ्यांचे वर्ग चालत आणि ज्या प्रांतात जायचे तेथील भाषा विनोबा शिकून घेत. यात्रेत परदेशी माणसेही सामील होत. फ्रान्सहून लांझा देल वास्तो आले. कवी टेनिसन यांचे पणतू हॅलम टेनिसन यांनी या यात्रेवर पुस्तक लिहिले. १९५३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर विनोबा झळकले.

मागण्याची रीतही साधी होती. घरात पाच मुलगे असतील तर दरिद्रनारायणाला सहावा समजा आणि त्याचा वाटा द्या, असा हिशेब विनोबा मांडीत. देशातील लागवडीखालील सुमारे तीस कोटी एकर जमिनीचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर १९५७ पर्यंत मिळवायचे, असे लक्ष्य होते. दाता दानपत्र भरून सही करी. मिळालेली जमीन भर सभेत, गावाच्या साक्षीने आणि भूमिहीनांच्या संमतीने वाटायची, असा दंडक होता. बिहारमध्ये विनोबा दोन वर्षांहून अधिक काळ राहिले. देशातील एकूण भूदानापैकी निम्म्याहून अधिक दान त्या एका प्रांतातून आले. १९५४ मध्ये बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी या कार्यासाठी आपले जीवन अर्पण केले.

यात्रा सुखाची मात्र नव्हती. १९५२ च्या डिसेंबरात चांडिल येथे विनोबांना घातक मलेरियाने गाठले. औषध घेण्यास ते बराच काळ राजी नव्हते. सप्टेंबर १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात दलितांसह गेले असता पंड्यांनी त्यांना व सहकाऱ्यांना मारहाण केली. पुरीला फ्रेंच सहकारी स्त्रीला जगन्नाथाच्या मंदिरात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा विनोबा दर्शन न घेताच माघारी फिरले. या पार्श्वभूमीवर १९५८ मध्ये पंढरपुरात जे घडले ते विशेष होते. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणाने विठ्ठलाचे दार दलितांसाठी उघडले होते. अकरा वर्षांनी विनोबा अन्य धर्मीय सहकाऱ्यांना घेऊन त्याच गाभाऱ्यात गेले. त्याच वर्षी त्यांना सामाजिक नेतृत्वासाठीचा पहिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९५९ मध्ये साडेतेरा हजार फूट उंचीची पीर पंजालची खिंड ओलांडून ते काश्मीर खोऱ्यात उतरले. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९६१-६२ मध्ये ते आसामात हिंडले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानातून चालत गेले. तेथेही त्यांनी जमीन मागितली आणि तेथेही ती मिळाली. एव्हाना त्यांचा अभिवादनाचा शब्द ‘जय जगत्’ असा झाला होता.

ज्यांना हा शब्द अक्षरशः खरा करायचा होता, असे दोन तरुण त्याच सुमारास विनोबांच्या भेटीला आले. राजस्थानचे सतीश कुमार आणि केरळचे ई. पी. मेनन यांना अण्वस्त्रांच्या विरोधात जगभर पायी जायचे होते. विनोबांनी आशीर्वाद दिला आणि सोबत दोन अटी घातल्या. जवळ पैसा ठेवायचा नाही आणि शाकाहार सोडायचा नाही. पैसा असला की माणूस खाणावळ शोधतो. तो नसला की त्याला कुणाच्या तरी दाराशी जावे लागते आणि तेथे बोलणे सुरू होते, असा त्यामागचा विचार होता. जून १९६२ मध्ये राजघाटावरून निघालेले हे दोघे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण मार्गे मॉस्कोला पोहोचले. तेथून पॅरिस, लंडन आणि जहाजाने अमेरिका गाठून १९६४ च्या जानेवारीत ते वॉशिंग्टनला आले. मध्यंतरी पॅरिसमध्ये तुरुंगवासही घडला. सुमारे आठ हजार मैलांच्या या यात्रेत पैजेचा वा बक्षिसाचा लवलेश नव्हता. जुन्या जगप्रवाशांच्या वाटेवरून हे दोघे विनोबांचा धडा घेऊन चालले.

१९६४ च्या एप्रिलमध्ये विनोबा पवनारला परतले. पाच कोटी एकरांचे लक्ष्य दूरच राहिले होते. दानाचा आकडा सुमारे बेचाळीस लाख एकरांवर थांबला. एकाही कायद्याचा बडगा न दाखवता मिळालेली ही जमीन थोडी म्हणता येत नाही. पण तिचा मोठा भाग भूमिहीनांपर्यंत कधी पोहोचलाच नाही. दानपत्रात सर्व्हे नंबर नसायचा. काही जमीन गहाण पडलेली, काही भाऊबंदकीच्या वादातली, काही खडकाळ वा नदीपात्रातली निघाली. कित्येक दात्यांच्या वारसांनी हात वर केले. फेरफार नोंदवणे, मोजणी करणे, वहिवाट मिळवून देणे, बैल आणि बियाणे पुरवणे ही कामे मागे राहणाऱ्या कार्यकर्त्यांची होती आणि कार्यकर्ते मूठभर होते. विनोबा तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुढच्या गावाला निघून गेलेले असत.

त्यांच्या चालण्याचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही येथे दिसतात. दारात चालत आलेल्या वृद्धाला नकार देणे जमीनदाराला जड जाई. मोटारीतून आलेल्या पुढाऱ्याला जे मिळाले नसते ते या पावलांना मिळाले. पण रोज पुढे जाणाऱ्या माणसाला मागचे गाव सांभाळता येत नाही. त्यात १९५६ च्या अखेरीस तमिळनाडूतील पलनी येथे विनोबांनी गांधी निधीची मदत थांबवण्याचा आणि भूदान समित्या विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. आंदोलन लोकांचे व्हावे, संस्थांचे राहू नये, ही त्यामागची भूमिका तात्त्विकदृष्ट्या निर्मळ होती. व्यवहारात मात्र वाटपाचे काम त्यामुळे अधिकच लंगडे पडले.

भूदानातून ग्रामदान निघाले. उत्तर प्रदेशातील मंगरौठ या गावाने १९५२ मध्ये आपली सारी जमीन गावाच्या नावे करून दिली. ओरिसाच्या कोरापुट जिल्ह्यात शेकडो गावे त्या वाटेने गेली आणि तेथे विकासाच्या कामासाठी महाराष्ट्राचे अण्णासाहेब सहस्रबुद्धे जाऊन राहिले. जमीन मिळाल्यानंतर काय करायचे, या प्रश्नाला तेथे काही उत्तर मिळू लागले होते. परंतु १९६५ मध्ये विनोबांनी बिहारमध्ये ‘तूफान’ यात्रा आरंभली. वय सत्तरीचे होते, शरीर थकले होते, आणि या वेळी प्रवास मोटारीने होता. ग्रामदानाच्या अटीही सौम्य करण्यात आल्या होत्या. आकडे झपाट्याने वाढले. तालुकादान, जिल्हादान आणि अखेर १९६९ मध्ये बिहारदान जाहीर झाले. कागदावरची ग्रामदाने लाखाच्या पुढे गेली. प्रत्यक्षात त्यांतील फारच थोड्या गावांत काही बदलले. जयप्रकाशांना मुसहरी प्रखंडात बसून काम करताना याची कठोर जाणीव झाली. पायांनी जेवढे जोडले होते तेवढे चाकांना जोडता आले नाही.

७ ऑक्टोबर १९७० रोजी विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. पृथ्वीच्या परिघाहून अधिक चाललेला माणूस पवनारच्या आश्रमाची सीमा न ओलांडण्याचे व्रत घेऊन बसला. उरलेली बारा वर्षे निर्विवाद गेली नाहीत. आणीबाणीच्या काळात मौनात असलेल्या विनोबांच्या शब्दांचा शासनाने आपल्या समर्थनासाठी उपयोग केला. जयप्रकाश तुरुंगात असताना विनोबांनी अधिक स्पष्ट बोलायला हवे होते, असे त्यांच्या अनेक चाहत्यांना तेव्हा वाटले आणि आजही वाटते. सर्वोदय परिवारात त्यातून पडलेली फूट पुरती सांधली गेली नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजार बळावल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, धाम नदीकाठी त्यांचे देहावसान झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

त्या पायपिटीतून काय उरले? पोचमपल्लीच्या नावामागे ‘भूदान’ हा शब्द कायमचा जोडला गेला. महाराष्ट्रात १९६४ चा ग्रामदान कायदा झाला आणि त्याचा आधार घेऊन गडचिरोलीतील मेंढा या गावाने २०१३ मध्ये, म्हणजे विनोबांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, आपली जमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. बापटांच्या पारनेर तालुक्यातच राळेगणसिद्धीने १९७५ नंतर श्रमदान आणि ग्रामसभेच्या बळावर दुष्काळाशी झुंज दिली. ते ग्रामदान नव्हते, तरी गावाने एकत्र बसून निर्णय घ्यावा हा आग्रह त्याच परंपरेतला होता. या दोन्ही गावांत यश मिळाले ते वर्षानुवर्षे तेथेच राहून काम करणाऱ्यांमुळे.

जगाच्या पाठीवर पायी फिरलेल्यांच्या वह्यांत शिक्के साठले. विनोबांच्या यात्रेतून दानपत्रांचे गठ्ठे साठले. त्यातील ज्या जमिनीचा सातबारा भूमिहीनाच्या नावावर चढला, तेथे त्यांची मजल खऱ्या अर्थाने पुरी झाली. जेथे तो चढला नाही, तेथील अपुरे अंतर पुढच्या लोकांनी चालायचे होते, आणि त्यातील बरेचसे अजून शिल्लक आहे.